झुरळाशी कोण बोलणार?

मागच्या अंकात या पानावर मी लेखक-दिग्दर्शक बिली वाइल्डरच्या ‘सम लाइक इट हॉट’बद्दल लिहिलं होतं. शिकागोतल्या टोळीने केलेले खून डोळ्यांनी पाहिलेले दोन वादक, जीव वाचवायला बायकांचे कपडे घालून बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात, तो १९५९चा सिनेमा. त्यावर पुष्कळ पत्रं आली. बरीचशी वाइल्डरबद्दल होती, आणि त्याहून जास्त स्वतःच्या लिहिण्याबद्दल. त्यातली पाच इथे घेते.

मी वस्त्रोद्योगाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजसाठी दोन विनोदी एकांकिका लिहिल्या, लोक हसले. पण माझं इंग्रजी कच्चं आहे आणि पटकथेवरची पुस्तकं सगळी इंग्रजीत. मुंबईत ओळखीचं कुणी नाही. हॉलिवूडच्या माणसाचं उदाहरण आम्हाला काय उपयोगाचं? – एक विद्यार्थी, इचलकरंजी

तू माझ्या मुलापेक्षा लहान असशील, म्हणून अरे-तुरे करते.

वाइल्डर हॉलिवूडचा नव्हता रे. १९०६ साली तो सुखा नावाच्या गावात जन्मला. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. वडील रेल्वे स्टेशनांवरची उपाहारगृहं चालवायचे. पोरगा व्हिएन्नात वार्ताहर झाला. १९२६ साली एका अमेरिकन जॅझ वाद्यवृंदाबरोबर बर्लिनला गेला आणि तिथेच राहिला. पैसे नव्हते तेव्हा तिथल्या हॉटेलात एकट्या आलेल्या बायकांबरोबर पगारावर नाचायचं कामही त्याने केलं, आणि मग त्याच अनुभवावर वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली. हे मी तुला मुद्दाम सांगते. कामाची लाज वाटून त्याने ते लपवलं असतं, तर पुढे आयुष्यभर पुरलेली एक गोष्ट त्याच्या हातून गेली असती. पैशासाठी आपण किती वाकतो आणि कुठे थांबतो, हा त्याच्या जवळजवळ प्रत्येक सिनेमाचा विषय आहे.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. वाइल्डर ज्यू. तो आधी पॅरिसला निसटला आणि १९३४च्या सुरुवातीला जहाजाने अमेरिकेत पोचला. वय सत्तावीस, आणि इंग्रजी जवळपास शून्य. रेडिओ ऐकत, सिनेमे बघत, रोज काही नवे शब्द पाठ करत तो ती भाषा शिकला. पुढे तो इंग्रजीत इतकं नेमकं लिहू लागला की इंग्रजी मातृभाषा असलेले लेखक त्याचे संवाद अभ्यासतात. तरीही तो एकट्याने लिहायला बसला नाही. पॅरामाउंट स्टुडिओने १९३६ साली त्याची चार्ल्स ब्रॅकेटशी जोडी लावली. ब्रॅकेट त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठा, हार्वर्डला कायदा शिकलेला, खानदानी घरचा, राजकारणातही विरुद्ध टोकाचा. तो कोचावर आडवा पडून पिवळ्या वहीत लिहायचा आणि वाइल्डर हातात काठी घेऊन खोलीत येरझाऱ्या घालायचा. भांडणं खूप व्हायची. पण १९५०पर्यंत ही जोडी टिकली.

तेव्हा मुंबईतल्या ओळखीआधी तू वसतिगृहात किंवा गल्लीत असा एक माणूस शोध, ज्याला तुझं पान वाचून दाखवल्यावर तो तोंडावर सांगेल की इथे मला हसू आलं नाही. इंग्रजी पुस्तकांना वेळ आहे. तुझ्याभोवती यंत्रमागांचा खडखडाट आहे. त्या आवाजात माणसं एकमेकांशी खुणांनी कशी बोलतात, पाळी बदलताना कोण कुणाला काय टोमणा मारतो, ते वहीत उतरवून ठेव. ते दुसऱ्या कुणाकडे नाही.

मी सात वर्षं मालिकांचे संवाद लिहितेय. लिहिते एक, पडद्यावर दिसतं भलतंच. नट वाक्य बदलतात, दिग्दर्शक प्रसंग गाळतात. नवरा म्हणतो, मग तूच दिग्दर्शन कर. लेखकाने दिग्दर्शक व्हावं का? – एक संवादलेखिका, डोंबिवली

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शीर्षकातलं झुरळ तुमच्यासाठीच आहे.

१९४१ साली ‘होल्ड बॅक द डॉन’ नावाचा सिनेमा आला. पटकथा ब्रॅकेट आणि वाइल्डरची, दिग्दर्शन मिचेल लायसेनचं. नायक रुमानियातून पळून आलेला, मेक्सिकोच्या सीमेवरच्या गावात, एका कळकट हॉटेलात अडकून पडलेला. अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही. त्या खोलीसाठी या दोघांनी एक प्रसंग लिहिला होता. भिंतीवरून झुरळ चाललंय. नायक बिछान्यात पडल्या पडल्या काठीने त्याची वाट अडवतो आणि सीमेवरच्या अधिकाऱ्याच्या थाटात त्याला विचारतो : कुठे निघालास, कागदपत्रं आहेत का?

किती छोटा प्रसंग. पण त्यात सगळं आहे. रोज जो अपमान तो गिळतोय, तो तो त्या झुरळावर काढतोय. हसू येतं आणि घशात आवंढाही येतो. शिवाय हा प्रसंग वाइल्डरच्या स्वतःच्या हाडामांसातला होता. अमेरिकेतला मुक्काम कायम करण्यासाठी १९३४ साली त्याला देशाबाहेर जाऊन पुन्हा आत यावं लागलं होतं. तो मेक्सिकोतल्या मेहिकाली गावी गेला. लागणाऱ्या कागदांपैकी फारच थोडे त्याच्याकडे होते.

नायकाचं काम करणाऱ्या शार्ल बोयेने तो प्रसंग करायला नकार दिला. झुरळाशी बोलणं त्याला मूर्खपणाचं वाटलं. दिग्दर्शकाने नटाची बाजू घेतली. वाइल्डर इतका पेटला की सिनेमाचा उरलेला शेवटचा भाग लिहिताना त्याने नायकाचे संवाद जमतील तेवढे कमी केले आणि नायिकेला वाढवून दिले. झुरळाशी बोलत नाही ना, मग कुणाशीच बोलू नको, असा तो हिशेब. तिथेच त्याने ठरवलं की यापुढे आपलं लिखाण आपणच चित्रित करायचं.

माझंही एक झुरळ आहे. फार वर्षांपूर्वी एका मालिकेसाठी मी लिहिलं होतं : नोकरी गेलेला माणूस घरी सांगू शकत नाही, रोज डबा घेऊन निघतो, बागेत बसतो, आणि एका कावळ्याला ‘साहेब’ म्हणून रजेचा अर्ज वाचून दाखवतो. चित्रीकरणाच्या दिवशी वेळ नाही म्हणून कावळा गेला. पडद्यावर तो माणूस मित्राला फोनवर एवढंच सांगतो की नोकरी गेली. गोष्ट पुढे सरकली, कुणाचं काही अडलं नाही. मला मात्र तो कावळा अजून दिसतो.

म्हणून तुमचा राग मला कळतो. पण वाइल्डरने राग आल्यावर काय केलं तेही बघा. त्याच स्टुडिओत प्रेस्टन स्टर्जेस नावाच्या विनोदी लेखकाने आपली पटकथा दहा डॉलरला विकली होती, अट एकच, दिग्दर्शन मी करणार. १९४०चा तो सिनेमा चालला आणि मूळ पटकथेचं पहिलंवहिलं ऑस्कर त्याला मिळालं. म्हणजे दार किलकिलं झालेलं होतं. वाइल्डरने १९४२ साली अमेरिकेतल्या आपल्या पहिल्या सिनेमासाठी कुठलाही अवघड, महत्त्वाकांक्षी विषय घेतला नाही. रेल्वेच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे वाचवायला लहान मुलीचं सोंग घेणाऱ्या तरुणीची साधी, हमखास चालेल अशी विनोदी गोष्ट घेतली. पाय आधी रोवला. दारूच्या व्यसनावरचा ‘द लॉस्ट वीकेंड’ तीन वर्षांनी आला, आणि दिग्दर्शन-पटकथेची ऑस्कर मिळाली ती त्याला.

दिग्दर्शन जमेलच असं नाही, आणि प्रत्येकीने करावंच असंही नाही. मात्र सेटवर जा. वाइल्डरचा नंतरचा सहलेखक डायमंड रोज सेटवर संहिता घेऊन बसलेला असायचा आणि नटाने एक शब्द इकडचा तिकडे केला तरी काम थांबायचं. तुमच्या करारात एवढं मिळणार नाही, मला माहीत आहे. पण ज्या दिवशी तुमचा महत्त्वाचा प्रसंग आहे, त्या दिवशी स्वतःच्या खर्चाने रिक्षा करून जा, आणि नटाला तो प्रसंग का आहे ते चहाच्या वेळी सांगा. बोयेला मेहिकालीची हकिगत कुणी नीट सांगितली असती तर, असं मला कायम वाटत आलंय.

वाइल्डरचा ‘द अपार्टमेंट’ मुलाने मोबाइलवर लावून दिला. विनोदी म्हणून पाहायला बसलो. साहेब लोक व्यभिचारासाठी कारकुनाची खोली वापरतात, एक मुलगी झोपेच्या गोळ्या खाते. यात हसायचं काय? तुम्ही या माणसाला विनोदाचा गुरू म्हणता? – निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

हो, म्हणते. आणि तुमची अस्वस्थता खोटी आहे असं मुळीच म्हणणार नाही.

काका, तुम्ही बँकेत होतात, म्हणून सुरुवातीकडे परत चला. तो कारकून, बॅक्स्टर, आपली ओळख आकड्यांत करून देतो. विमा कंपनीच्या मुख्य कचेरीत ३१,२५९ माणसं. आपण एकोणिसाव्या मजल्यावर, टेबल क्रमांक ८६१. हातात पडणारा पगार आठवड्याला ९४ डॉलर ७० सेंट. घरभाडं महिन्याला ८५ डॉलर. आधी ८० होतं, घरमालकिणीने जुना वातानुकूलक बसवला म्हणून पाच वाढले. नाव सांगण्याच्या आसपास एवढे आकडे का? कारण या माणसाची किंमत कंपनीच्या लेखी तेवढीच आहे. ती प्रचंड कचेरी दाखवायला कलादिग्दर्शक त्राउनेरने मागच्या रांगांतली टेबलं लहान लहान करत नेली आणि शेवटच्या रांगांत ठेंगणी माणसं बसवली, म्हणजे खोली संपतच नाहीशी वाटावी. कॅमेऱ्यासमोर खरोखरच माणूस लहान करून ठेवला होता.

आता तो सर्दीचा प्रसंग आठवा. कुणीतरी साहेब रात्री अचानक खोली मागतो, बॅक्स्टर थंडीत सेंट्रल पार्कच्या बाकावर रात्र काढतो, दुसऱ्या दिवशी ताप. आज तरी स्वतःच्या घरी झोपावं म्हणून तो फोन फिरवायला बसतो. बुधवारवाल्याला विचारतो, तुम्ही गुरुवारी जाल का. तो म्हणतो, शुक्रवारी जमेल. मग शुक्रवारवाल्याला विचारायचं. शिंका चालूच. आपलं हसू या ठिकाणी व्यभिचारावर येत नाही. स्वतःच्याच अंथरुणावर झोपायची परवानगी माणूस किती अदबीने मागतोय, त्यावर येतं. ज्या मुंबईत नवराबायकोला बोलायला गच्ची नाहीतर चौपाटी गाठावी लागते, तिथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

पण मी विद्यार्थ्यांना हा सिनेमा दाखवते तो आरशासाठी. बॅक्स्टरला खोलीत कुणा बाईचा विसरलेला पावडरचा डबा सापडतो. आत आरसा, त्याला तडा. तो डबा साहेबाला परत करतो. पुढे नाताळच्या पार्टीत तो नवी टोपी घालतो आणि लिफ्ट चालवणाऱ्या फ्रॅनला विचारतो, कशी दिसते? ती बघायला म्हणून आपला डबा पुढे करते. तो उघडतो. तडा. त्या एका क्षणात त्याला कळतं की जिच्यावर आपला जीव जडलाय, तीच साहेबाबरोबर आपल्या खोलीत येते. एकही खुलासा करणारं वाक्य नाही. त्याचा चेहरा आपण त्या फुटक्या आरशातच, दोन तुकड्यांत बघतो. ती विचारते, काय झालं? तो म्हणतो, आरसा फुटलाय. ती म्हणते, मला माहीत आहे, मला जसं वाटतं तशीच मी त्यात दिसते.

हे लिहिणारा माणूस कोण होता? ज्याची आई, आजी आणि सावत्र वडील नाझींच्या हत्याकांडात मारले गेले. १९४५ साली अमेरिकन सैन्याबरोबर जर्मनीत परत जाऊन ज्याने छळछावण्यांच्या चित्रफितींवर काम केलं. मरण काय असतं हे त्याला माहीत होतं. म्हणून गोळ्यांचा प्रसंग तो हसण्यावारी नेत नाही. शेजारचे डॉक्टर फ्रॅनच्या थोबाडीत मारत, तिला चालवत, रात्रभर जागं ठेवतात. तो प्रसंग त्याने लांब ठेवलाय आणि तिथे एकही विनोद पेरलेला नाही. सकाळ झाल्यावर, ती वाचल्यावर, मग बॅक्स्टर टेनिसच्या रॅकेटमधून शेवया गाळतो आणि आपल्याला पुन्हा हसता येतं. इथे हसू म्हणजे सुटकेचा श्वास आहे. त्याच्या आधीची ती रात्र काढून टाका, रॅकेट नुसतं माकडचाळा होईल.

१९६०च्या या सिनेमाला पाच ऑस्कर मिळाली, त्यातली तीन वाइल्डरच्या हातात आली. तुम्हाला तो आवडायलाच हवा असं नाही. पण मुलगा बसला असेल तर त्याच्याबरोबर एकदा पुन्हा बघा, आणि खोलीच्या किल्लीवर लक्ष ठेवा. ती कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जाते, आणि शेवटी बॅक्स्टर साहेबाला कुठली किल्ली देतो.

आम्ही जत्रेत नाटकं करतो. हशा आला की थांबायचं, ओसरू लागला की पुढचं वाक्य टाकायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं. सिनेमात प्रेक्षक समोर नसतो. मग हशासाठी जागा ठेवायची कशी? – एक नट, फोंडा, गोवा

खुळखुळ्यांनी!

‘सम लाइक इट हॉट’मध्ये बाईच्या वेषातला जेरी म्हाताऱ्या लक्षाधीशाबरोबर रात्रभर नाचून येतो आणि मित्राला सांगतो, माझं लग्न ठरलं. त्या प्रसंगात प्रत्येक वाक्यावर हशा येणार, आणि त्या हशात पुढचं वाक्य बुडणार, हे वाइल्डरने ओळखलं. त्याने जेरीचं काम करणाऱ्या जॅक लेमनच्या हातात दोन खुळखुळे दिले. वाक्य झालं की लेमन आनंदाने खुळखुळे वाजवत थोडा नाचतो, मग मित्राचा प्रश्न, मग उत्तर, पुन्हा खुळखुळे. थिएटरात लोक हसून घेतात आणि एक शब्दही वाया जात नाही. शिवाय पात्र इतकं खूश आहे की ते खुळखुळे त्याला शोभतात. तुम्ही नुसते स्तब्ध थांबलात तर कॅमेऱ्यात ते मेलेलं दिसतं. हाताला काम द्या, आणि ते काम पात्राचंच असू द्या.

तुम्ही पत्राच्या शेवटी ‘अशी ही बनवाबनवी’ आणि हा सिनेमा एकच का, असंही विचारलंय. नाही. १९८८चा आपला सिनेमा हृषिकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून आला. दोन्हीकडे पुरुष साडी किंवा झगा घालतात ते मजा म्हणून घालत नाहीत, एवढंच साम्य. तिथे मागे बंदूक आहे, इथे डोक्यावर छप्पर नाही. गरज खरी आहे म्हणून प्रेक्षक साडी मान्य करतो.

आम्ही दोघे मित्र तीस वर्षं मिळून लिहीत होतो. गेल्या वर्षी तो गेला. अर्धी राहिलेली संहिता कपाटात आहे. वय अडुसष्ट. आता लिहिणं सोडावं का? – एक लेखक, सांगली

तुम्हाला काय लिहावं याचा मी आठवडाभर विचार केला.

माझा सहलेखक एस.टी.च्या कार्यशाळेत कारकून होता. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्याच्या गच्चीवर आम्ही संध्याकाळी सातला बसायचो. मी लिहायची, तो वाचायचा. पसंत नसलं की काही न बोलता कप उचलून आत चहा आणायला जायचा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. अजूनही एखादं वाक्य लिहिलं की मी थांबते आणि तो उठतोय का बघते.

ब्रॅकेटनंतर वाइल्डरने बऱ्याच लेखकांबरोबर काम करून पाहिलं. १९५७पासून आय. ए. एल. डायमंड आला. रुमानियात जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला, अबोल माणूस. दोघांनी मिळून बारा सिनेमे लिहिले. वाइल्डरने काही सुचवलं आणि डायमंड ‘का नको?’ म्हणाला, की ती त्याची सर्वांत मोठी दाद. ‘सम लाइक इट हॉट’चं शेवटचं वाक्य, कुणीच परिपूर्ण नसतं या अर्थाचं, डायमंडचं. तात्पुरतं टाकू, चांगलं सुचलं की बदलू, असं ठरलं होतं. चांगलं काही सुचलं नाही. वाइल्डरच्या थडग्यावरही तेच वाक्य आहे, आधी एवढंच जोडून की मी लेखक आहे.

शेवटची वर्षं सुखाची नव्हती. १९६४च्या सिनेमावर कॅथलिक संघटनेने निषेधाचा शिक्का मारला. १९७०च्या शेरलॉक होम्सचा सुमारे तासभराचा भाग कापला गेला. १९८१चा सिनेमा पडला, आणि त्यानंतर एकही बनला नाही. तरी दोघे भेटत राहिले, गोष्टी रचत राहिले. कुणी विकत घेणार नव्हतं.

११ एप्रिल १९८८ला वाइल्डरला ऑस्करच्या समारंभात, निर्मात्याच्या एकूण कामासाठी देतात तो थॅलबर्ग पुरस्कार मिळाला. एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाने मंचावरून मेहिकालीची गोष्ट सांगितली. तिथल्या अमेरिकन अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही काय करता? हा म्हणाला, सिनेमे लिहितो. अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि म्हणाला, मग चांगले लिहा. चोपन्न वर्षांत तो त्या माणसाचं नाव विसरला होता, त्याचे उपकार मात्र विसरला नव्हता. त्यानंतर दहा दिवसांनी, २१ एप्रिलला, डायमंड वारला. वाइल्डर आणखी चौदा वर्षं जगला. सिनेमा लिहिला नाही.

हे मी तुमच्यापासून लपवू शकले नसते. पण तुमची अर्धी संहिता कपाटात आहे आणि त्या अर्ध्या भागात तुमच्या मित्राची वाक्यं आहेत. ती कुठली, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. पहिली दहा पानं मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. हाताने लिहिलेली चालतील. मी वाचून जिथे हसू आलं आणि जिथे आलं नाही तिथे पेन्सिलीने खूण करून परत पाठवीन. अक्षर लहान असेल तर जरा मोठं काढा, माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय.